रिकामी आणलेली पेटी

१

आमच्या घरात एखादी वस्तू घ्यायची म्हटली की मी तिच्यामागे हात धुवून लागतो. जिंतूरला माझं कृषी केंद्र आहे. खतं-बियाणं विकताना शेतकरी मला जेवढं पिडतात, तेवढंच मी बाकीच्या दुकानदारांना पिडून घेतो. मिक्सर घ्यायचा तर सगळा बाजार पालथा घालणार, आणि शेवटी पहिल्याच दुकानातून घेणार. माझी बायको राजेश्री म्हणते, "लग्नाच्या आधी माजी बी आशीच चौकशी केली आसती तर मी वाचले आसते."

या खेपेला घ्यायची होती गाडीच्या मागे लावायची पेटी. बंपरच्या खाली, गाडीच्या सांगाड्याला एक भक्कम लोखंडी हूक बसवायचा आणि त्याच्यावर झाकणाची बंद पेटी टांगायची. गाडीच्या पाठीवर दप्तर अडकवल्यासारखं, बस. आमची गाडी गॅसची, त्यामुळे डिक्की म्हणजे नुसतं टाकीचं घर. तिच्यात एक छत्री आडवी मावत नाही. आणि आम्हाला जायचं होतं लांब, थेट कोकणात, समुद्र बघायला. माणसं पाच. मी, राजेश्री, आमची निकिता, माझी माय कडूबाई आणि माझे वडील चंद्रभान, ज्यांना आम्ही दादा म्हणतो. दादांचे गुडघे असे की पाय लांब केल्याशिवाय बसवत नाही. मग सामान ठेवायचं कुठं, माझ्या डोक्यावर?

समुद्राचं खूळ दादांचं. खूळ म्हणू नये, पण त्या दिवशी मी चिडून तेच म्हणालो होतो. परभणीला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना तपासलं आणि सरळ सांगितलं, काचबिंदू आहे, कडेची नजर गेली ती गेली. मधली थोडी उरलीये. तीही कमी होत जाणार. थेंब टाकायचे चुकवू नका, आणि काका, बघायचं काही राहिलं असेल तर ते बघून घ्या. परत येताना जिंतूर मागे पडलं, आमचं गाव चारठाणा जवळ आलं, तेव्हा दादा म्हणाले, "हरी, समिंदर राह्यलाय बग."

"येलदरीचं धरण बघितलंय की तुमी."

"त्याला पल्याडचा काठ दिसतोय. समिंदराला न्हाई दिसत म्हणतेत."

मला रडू आलं. गाडी चालवताना रडता येत नाही म्हणून समोरच्या ट्रॅक्टरवाल्याला शिव्या हासडल्या. तुरी निघाल्या की जायचं, असं घरी पोचायच्या आतच ठरलं.

२

तर पेटी. टपावरचं कॅरिअर मी पहिल्याच दिवशी बाद केलं. ताडपत्री बांधून वऱ्हाडाच्या गाडीसारखं कोण जाणार, आणि दर मुक्कामाला बॅगा उतरवायला टपावर कोण चढणार? मागे लावायची उघडी जाळी स्वस्त होती. पण आमच्या रस्त्याची धूळ ज्यानं खाल्लीय त्याला विचारा, पोचेपर्यंत कपड्यांवर कापसाची लागवड झाली असती. शिवाय घाटातली माकडं. फायबरची पेटी पुण्याहून मागवता येत होती, पण आपल्याकडच्या उन्हात फायबर तडकतं असं मला तिघांनी सांगितलं. त्यातल्या दोघांनी फायबर कधी बघितलेलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

शेवटी मी सितारामकडे गेलो. जिंतूरच्या बाहेर त्याचं वर्कशॉप आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि पाण्याचे टँकर बनवतो. मी त्याला पत्र्याची जाडी सांगितली, झाकणाला रबर कुठलं हवं ते सांगितलं. नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकायचे नाहीत, गतिरोधकाला पेटीचं बूड घासायचं नाही, पाणी शिरलंच तर निघून जायला तळाला एक बारीक भोक पाहिजे. रोज दुकान बंद केलं की मी तिथं हजर.

"शेठ," तो एकदा हातातलं वेल्डिंग थांबवून म्हणाला, "पेटी कवाच झाली आसती. तुमच्या शंका फेडायलाच टाईम जायलाय."

पेटी मात्र झकास झाली. गुडघाभर खोल, गाडीच्या रुंदीची, बाहेरून गाडीच्याच रंगाची आणि आतून काळी. मी पाईपनं वरून पाणी मारून बघितलं, आत थेंब नाही. झाकण लावलं, कुलूप लावलं, उघडलं, परत लावलं. कडी अशी बसायची की कान तृप्त व्हावेत. मग पेटी गाडीला जोडून, कुलूप लावून, छाती पुढे काढून मी चारठाण्याला घरी आलो.

३

माय अंगणात तुरी पाखडत होती. तिनं पेटीभोवती एक चक्कर मारली, पत्र्यावर बोट वाजवलं आणि कुलूप हातात धरून माझ्याकडे बघितलं.

"आत काय हाय?"

"काही नाही. आत्ताच तर आणली."

"आरं ए शहाण्या! रिकामी आणलीस? कुलूप लावून?"

आमच्याकडे नवीन भांडं, हंडा, कपाट, पेटी, काहीही दुकानातून रिकामं आणत नाहीत. मूठभर धान्य नाहीतर गुळाचा खडा आत टाकायचा आणि मग वस्तू घरी न्यायची. बारक्या पोरालाही माहीत असतं. मी दिवसभर बियाण्यांच्या पोत्यात बसणारा माणूस आणि मला चार दाणे टाकायचं सुचलं नाही. पण मायपुढे चूक कबूल केली तर ती वर्षभर पुरवते. म्हणून म्हणालो, "रिकामी आणली तर काय होतंय?"

"रिकामी उघडी आणली आसती तर काय न्हाई. कुलूप लावून आणलीस. म्हंजी काय आणलंस ते तुला तरी म्हाईत हाय का?"

तिनं आत जाऊन ज्वारी आणली, चांगली ओंजळभर. मी झाकण उघडलं. तिनं काहीतरी पुटपुटून ज्वारी पेटीत टाकली आणि हात झटकून पुन्हा सुपाकडे गेली. मायला कमी ऐकू येतं. त्यामुळे तिला काही वाटलं नाही.

मी झाकणावर हात ठेवून तसाच उभा राहिलो. दादा ओट्यावर खुर्चीत बसले होते. त्यांनी मान वळवली.

"टाकली का ज्वारी?"

"टाकली की."

"मग वाजली कामून न्हाई?"

कोऱ्या पत्र्यावर ओंजळभर ज्वारी टाकली तर शेजारच्या घरी कळतं. मी आत वाकून बघितलं. काळा रंग, कोपऱ्यातली वेल्डिंगची शिवण, तळाचं ते बारीक भोक. दाणा एकही नाही. भोकातून गेली, मी म्हणालो. राजेश्री म्हणाली, त्या भोकातून सुतळी जायची नाही. मग गाडीखाली बघितलं, तिथंही काही नाही. मी म्हणालो, कोंबड्यांनी खाल्ली असेल. कोंबड्या सगळ्या पलीकडे उकिरड्यावर होत्या. मला एवढं आठवतंय की मी तळाला हात लावून बघितला नाही. हात लावायला काय झालं होतं? पण नाही लावला.

४

दुसऱ्या दिवशी रंगीत तालीम काढली. सगळं सामान भरायचं, सगळ्यांनी बसायचं आणि येलदरीपर्यंत जाऊन यायचं, म्हणजे वजन पेलतं का ते कळेल. बॅगा पेटीत अशा गच्च बसल्या की मी स्वतःच्याच मापावर खूश झालो. त्या तळावर बसल्या नव्हत्या, चारी बाजूंना अडकून लटकल्या होत्या. हे नंतर कळलं.

रस्त्याला लागलो आणि राजेश्री म्हणाली, "गाडी नवी झाल्यावानी वाटायलीय हो." खरंच वाटत होती. आमच्या गाडीत मागून काहीतरी कायम खडखडतं, तेही थांबलं होतं. गतिरोधकावर गाडी आदळली, आम्ही आदळलो, पेटीचा आवाज नाही. भरलेली पेटी वाजत नसते, मी सगळ्यांना समजावून सांगितलं. पण गाडीच्या मागचे बाकीचे आवाजही यायचे बंद झाले होते. एक ट्रक हॉर्न वाजवत मागून आला आणि अगदी शेजारी येईपर्यंत मला कळलाच नाही. दादा मात्र मागच्या सीटवर मान वळवून काचेकडे कान देऊन बसले होते, शेजारच्या खोलीत कुणी बोलत असावं तसे.

जिंतूरच्या पुढे एका हॉटेलवर चहाला थांबलो. गाडी बंद केली. दुपार होती, लिंबाची सावली होती, हॉटेलवाला भजी तळत होता. आम्ही दारं उघडून आतच बसलो होतो आणि मागून आवाज आला. अगदी स्पष्ट. ओंजळभर दाणे पडल्याचा.

निकिता म्हणाली, "पप्पा, ज्वारी!"

दादांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "कालची," ते म्हणाले. "कालची आता पोचली."

"पत्र्यावर पडली ना?" मी घाईनं विचारलं.

"पत्रा कुठला? आन पडली बी न्हाई. कुनीतरी वंजळीत झेलल्यावानी वाजली."

झाकणाच्या रबरात दाणे अडकले असतील, हादऱ्यानं मोकळे झाले असतील आणि बॅगेवर पडले असतील. मला हे फार पटलं. मी ते राजेश्रीला सांगितलं, निकिताला सांगितलं, भजी तळणाऱ्यालाही सांगितलं. मायला विचारलं तर ती म्हणाली, कसली ज्वारी? आणि तिनं माझी भजी खाऊन टाकली.

५

येलदरीला पोचलो तेव्हा दादांच्या थेंबांची वेळ झाली होती. थेंब मायच्या पिशवीत, पिशवी पेटीत सगळ्यात वर. राजेश्रीनं झाकण उघडून पिशवी ओढली. तिची चेन उघडी होती. ती इवलीशी बाटली दोन बॅगांच्या फटीतून खाली गेली. आवाज नाही.

राजेश्रीनं हात घातला. मग पदर खोचून आणखी घातला. "अहो, हात पुरंना!"

"गुडघाभर पेटीत हात पुरेना? सरक तिकडं," मी म्हणालो. सगळ्या बॅगा बाहेर काढून मी वाकलो आणि उजवा हात आत सोडला. कोपर गेलं. दंड गेला. गाल पेटीच्या काठाला टेकला, खांद्यापर्यंत हात आत गेला, आणि बोटं मोकळ्या हवेत हलत होती. हवा गार होती. खालून वर येत होती, दमादमानं, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी.

मी काय केलं सांगतो. माझी अक्कल अजून जागेवर होती. मी डावा हात पेटीच्या खालून घातला आणि बाहेरून तळाला थाप मारली. पत्रा वाजला, तळहाताला लागला, उन्हानं तापलेला होता. आत माझा उजवा हात त्याच्याही खाली होता. कितीतरी खाली. आणि तिथं काही नव्हतं.

मी हात उपसून काढला आणि मनगटाकडे बघत बसलो, पाचही बोटं आहेत का ते. राजेश्रीचा चेहरा पांढरा पडला होता. तरी तिच्या तोंडून आलं ते हेच, "आता दादांच्या थेंबाचं काय करायचं?" तिचं बरोबर होतं. एक वेळ चुकली तरी नजर आणखी आत सरकेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

तेवढ्यात दादा गाडीला हात लावत लावत मागे आले. "सरका," म्हणाले. "मला बगू द्या."

त्यांना आता मधलंच दिसतं, नळीतून बघितल्यासारखं. समोरच्या माणसाचं नाक दिसतं, कान दिसत नाही. त्यांनी दोन्ही हात पेटीच्या काठावर ठेवले आणि मान खाली घातली. मी त्यांच्या सदऱ्याला मागून घट्ट धरून ठेवलं. ते किती वेळ बघत होते मला सांगता येणार नाही. निकिता एकदा "आबा" म्हणाली, त्यांनी ऐकलं नाही. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पायातल्या चपला एकेक करून मागे सारल्या आणि तापल्या जमिनीवर अनवाणी उभे राहिले. देवळातसुद्धा त्यांना चपला काढायची आठवण करून द्यावी लागते.

"दादा, काय दिसायलंय?"

"उगी राहा."

थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. माझ्या आजीच्या अंत्यविधीलाही नाही आणि निकिता झाली तेव्हाही नाही.

"लय मोठं हाय रे, हरी. लय मोठं हाय. आन वर यायलंय."

६

मी वाकून बघितलं. काळा तळ. कोपऱ्यात बॅगेचा तुटलेला दोरा. सितारामची वेल्डिंगची शिवण.

"काही नाही दादा. तळ आहे."

"तू समदी पेटी बगायलास. कडा सोड. मला दिसतंय तेवढंच बग."

राजेश्री म्हणाली, नका बघू. मायही काय समजली कुणास ठाऊक, ती म्हणाली, झाकण लाव आधी. पण माणसाला खाज असते. मी मुठीची नळी केली, लहानपणी दुर्बीण म्हणून करायचो तशी. एक डोळा मिटला. दुसऱ्या डोळ्याला मूठ लावली आणि पेटीच्या मध्यावर बघितलं.

कडा गेल्या. कडांबरोबर तळ गेला.

खोल म्हणजे काय ते मला माहीत आहे असं मला वाटायचं. विहिरीच्या काठावर उभा राहिलोय, बोअरमध्ये खडे टाकलेत. ते सगळं विसरा. खाली, फार खाली, उजेड होता. दिव्यासारखा एका जागी नव्हता. आपल्या शिवारातून चौफेर बघितलं की आभाळ टेकलेलं दिसतं ना, तेवढा पसरलेला. त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायला मला मूठ हलवावी लागत होती, आणि टोक येत नव्हतं. रंग मला सांगता येणार नाही. तो हलत होता. वर येत होता. घाई नव्हती त्याला. त्याला कशाची घाई असणार?

मी घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू. पण घाबरण्याच्याही खाली दुसरंच काहीतरी होतं. दुकान, उधारी, डोळ्यांचा आजार, माझी बारा भानगडींची चौकशी, सगळं एकदम बारीक झालं, आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. ते माझ्याकडे बघत नव्हतं. त्यानं बघावं एवढा मी होतोच कुठं?

राजेश्रीनं कॉलरला धरून मला मागे ओढलं आणि झाकण आपटलं. माझ्या गालावरून पाणी वाहत होतं. दादा माझ्याकडे बघून हसत होते, नुकतीच एखादी चांगली बातमी मिळाल्यासारखे.

परत येताना जिंतूरला नवीन थेंब घेतले आणि गाडीतच दादांच्या डोळ्यांत टाकले. मग मी सितारामला फोन लावला. विचारायला लाज वाटत होती, तरी विचारलं, "पेटीला तळ टाकलाय ना रे?"

"आता काय बोलावं शेठ तुमाला! तळ न्हाई तर काय? माज्या हातानं डबल वेल्डिंग मारलंय. हत्ती बसवा."

७

मी पेटी काढून ठेवायला निघालो. पाना हातात घेतला, सामान मांडीवर घेऊन बसू म्हणालो. राजेश्रीनं होकारार्थी मान हलवली. निकिता आईला चिकटून उभी होती. दादा ओट्यावरून म्हणाले, "काढ की. पर मग मी येत न्हाई."

"अहो दादा, समुद्र बघायचाय ना तुमाला?"

"बगायचाय. तुजा शब्द हाय, तू दाखीव. पर ती संगं घे."

दोन दिवस घरात भांडण चाललं. सहल रद्द करा, राजेश्री म्हणायची. रद्द केली आणि नजर गेली तर जन्मभर कोण ऐकून घेणार, मी म्हणायचो. शेवटी दादांचं बघून सगळे गप्प झाले. चहाचा कप समोर धरला तर त्यांचा हात कपाच्या शेजारून जात होता. थेंब वेळच्या वेळी चालले होते, तरी नजरेची नळी बारीक होत चालली होती. वाट बघायला वेळ नव्हता. बॅगा आम्ही पायाशी आणि मांडीवर कोंबल्या. पेटी मोकळी ठेवली आणि निघालो.

मंठा गेलं, जालना गेलं. जिथं जिथं थांबायचो तिथं दादा उतरून मागे जायचे आणि झाकण उघडायला लावायचे. मी उघडायचो आणि तोंड फिरवून उभा राहायचो, त्यांच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून. ढाब्यावरची माणसं बघायची. एकानं विचारलं, काय हाय पेटीत, कोंबड्या का? दादा बघून झाले की मी विचारायचो, "किती राहिलं?" ते म्हणायचे, "आलंय. जवळ आलंय." घाटात मला आरशातून सारखं वाटत राहिलं की पेटीचं झाकण आतून किंचित फुगलंय. मी आरसा वर करून टाकला.

गाडी चालवताना मला एकच हिशेब छळत होता. दादांची नजर कमी होत होती आणि ते वर येत होतं. आधी काय पोचणार?

८

कोकणातल्या एका गावाच्या बाहेर, सुरूच्या झाडांखाली गाडी लावली तेव्हा सकाळचं कोवळं ऊन होतं. मी प्लॅस्टिकची खुर्ची वाळूत रोवली आणि दादांना हाताला धरून तिथं बसवलं. निकिता ओरडत पाण्याकडे पळाली, तिच्यामागे राजेश्री, तिच्यामागे लुगडं गुडघ्यापर्यंत उचलून माय. मी कशाकडेच बघत नव्हतो. मी दादांच्या तोंडाकडे बघत होतो.

त्यांनी मान उजवीकडून डावीकडे हळूहळू फिरवली, पाट्या वाचल्यासारखी. पुन्हा डावीकडून उजवीकडे.

"दिसला का दादा?"

"दिसला."

"कसा हाय?"

त्यांनी माझा हात चाचपून धरला आणि वरून थोपटलं. "चांगला हाय. लय चांगला दाखीवलास बाबा."

निकितानं चित्र काढून दाखवलं की ते याच आवाजात बोलतात. मला राग आला. सगळ्या महाराष्ट्राची रुंदी पार करून मी यांना इथं आणलं. गुडघे, थेंब, बॅगा, घाट, आणि समुद्र यांना चांगला वाटतो. मी काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात ते म्हणाले, "आता खुर्ची फिरीव."

"कुठं?"

"फिरीव की. गाडीकडं."

मी त्यांना उठवलं, खुर्ची फिरवली, पुन्हा बसवलं. समुद्राकडे पाठ करून आम्ही दोघं सुरूच्या सावलीतल्या आमच्या गाडीकडे तोंड करून बसलो. झाकण बंद होतं. कुलूप होतं. आणि झाकणाच्या चारी कडांनी, रबराच्या बारीक फटीतून, भर दिवसा उजेड दिसत होता.

"दादा, नको," मी म्हणालो. "आपण हिला इथंच टाकून जाऊ. तुमाला काही झालं तर मी काय करू?"

"हरी, माजी आता येवढी येवढी नजर राह्यलीय." त्यांनी चिमूट करून दाखवली. "ती कशावर खर्चायची, ते मला ठरवू दे. तू नगं बगूस. तू निस्ता माजा हात धर."

पाठीमागे लाटांचा आवाज थांबला. मध्येच, गाडी बंद करावी तसा. निकिताचं हसणं तेवढं एकटं ऐकू येत होतं, जवळ आणि स्वच्छ. मी मागे वळून बघितलं नाही.

मी दादांना उठवलं. वाळूत त्यांची पावलं चुकत होती, म्हणून मी त्यांना माझ्या अंगावर टेकवून घेतलं. त्यांनी माझा हात असा घट्ट धरला होता की बोटं दुखत होती. लहानपणी जत्रेत मी त्यांचा धरायचो तसाच. पेटीजवळ पोचलो तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला दिसत होता, खालून. त्यांना घाई झाली होती. मी चावी काढली आणि कुलूप उघडलं.